कोवळा दगड

आइसलंडला जायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांनी थंडीची काळजी केली, वासाची कुणीच केली नाही. रेक्याविकला पहिल्या सकाळी गरम पाण्याचा नळ सोडला आणि कुणीतरी अंडी उकडायला ठेवून विसरल्यासारखा दरवळ न्हाणीघरात पसरला. इथल्या गरम पाण्याला जमिनीखालच्या ज्वालामुखीचा शेजार, त्यामुळे गंधकाचा वास असायचाच. त्यात तो नेमका गुरुवार, म्हणजे हिचा उपास.

"अहो, ह्या पाण्यानं आंघोळ केली तर उपास मोडतो का?"

धर्मशास्त्रात याला उत्तर नाही. नुसत्या वासानं काही मोडत नाही, असा निवाडा मीच देऊन टाकला.

आपल्या न्हाणीघरातल्या गिझरचं नाव मुळात इथलं आहे, हे मला तिथं जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. 'गेसिर' नावाच्या एका उष्ण झऱ्याच्या नावावरून जगातल्या सगळ्या उसळत्या झऱ्यांचं आणि पुढे पाणी तापवायच्या यंत्राचंही बारसं झालं. हा मूळपुरुष आता बहुतेक झोपूनच असतो. घरचा कारभार शेजारचा स्ट्रोक्कुर बघतो. दर सहा ते दहा मिनिटांनी तो पंधरा-वीस मीटर उंच उडतो. खाली अरुंद नळीत पाणी तापत राहतं, वरच्या पाण्याच्या दाबानं त्याला उकळता येत नाही, आणि मग एका क्षणी वाफ सगळं उधळून देते. थोडक्यात, कुकर. आम्ही काठावर उभं राहून शिट्ट्या मोजल्या. तिसऱ्या शिट्टीला हिचा हात सवयीनं गॅसचं बटण शोधत पुढे आला. मी मात्र मोबाइल धरून होतो, त्यामुळे मला तिन्ही वेळा फक्त ओसरणारी वाफ मिळाली.

थिंगवेलिरला मला गाव आठवलं. इथं उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात, वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर. आमच्याकडे दोन चुलतभाऊ एकमेकांचा बांध याच वेगानं कोरत आले आहेत, पण आतल्या बाजूला. इथं दोन्ही वाटेकरी मागे सरकतात आणि मधली जमीन वाढते! आणि गंमत म्हणजे याच भेगेच्या काठी 930 साली इथल्या लोकांनी आपली लोकसभा, आल्थिंग, भरवायला सुरुवात केली. उघड्यावर कायदे व्हायचे, भांडणांचे निवाडेही व्हायचे. तेव्हापासून पायाखालची जमीन वीसेक मीटर तरी रुंदावली असेल. एवढी जमीन वाढली म्हटल्यावर आमच्या गावात सात पिढ्यांचे वकील पोसले गेले असते.

योकुल्सारलोनच्या तळ्यात हिमनदीचे तुटलेले कडे तरंगत असतात. काही निळे, काही ज्वालामुखीच्या राखेचे काळे पट्टे ओढलेले. बोटीवरच्या मुलीनं पाण्यातून बर्फाचा एक तुकडा काढून सगळ्यांना चाखायला दिला. हजारेक वर्षांपूर्वीचा, म्हणाली. हिनं तो गंगाजलासारखा हातावर घेतला, थेंबभर प्यायली आणि उरलेला डोक्याला लावला. मग कळलं की शंभर वर्षांपूर्वी इथं तळं नव्हतंच. हिमनदी मागे हटत गेली तसं ते झालं. म्हणजे आपण जे बघायला एवढे पैसे मोजून आलो, ते एका म्हातारीचं झिजणंच. त्यानंतर बराच वेळ मी फोटो काढले नाहीत. हे माझ्या बाबतीत बरंच म्हणायचं.

स्वार्टिफॉसला मात्र माझी पुरती फजिती झाली. धबधब्यामागे काळ्या दगडाचे सहा कोनी खांब, ऑर्गनच्या नळ्यांसारखे ओळीनं लटकलेले. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, तडकतो आणि असे खांब बनतात, हे मी हिला रंगवून सांगत होतो.

"अहो, म्हणजे आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखंच ना?"

तीस वर्षं अंधेरीत काढली. ही गावदेवीच्या दर्शनाला त्या टेकडीवर कितीदा चढली. मी खालून रिक्षा पकडत राहिलो. तेच खांब बघायला आता निम्मं जग ओलांडून आलो होतो. दगडही तोच, बेसॉल्ट. फरक वयाचा. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. इथले सर्वांत जुने खडकसुद्धा दीडेक कोटी वर्षांचे. आजोबांचा पाळण्यातला फोटो बघावा तसा मग मी तो सगळा देश बघत गेलो. अजून रांगतो आहे, अंगात ताप आहे, मधूनच ओकतो आहे.

शेवटचा दिवस रेनिस्फ्याराच्या काळ्या किनाऱ्यावर. समुद्राकडे पाठ करू नका, असं गाइडनं दहादा बजावलेलं. लाट न सांगता येते आणि माणसाला घेऊन जाते. म्हणून आम्ही मागे, अगदी दूर उभे. हिनं वाकून एक गुळगुळीत, लांबट काळा दगड उचलला, तळहातावर तोलला, दोन्ही हातांनी पुढे-मागे करून पाहिला.

"वरवंटा छान होईल."

"अगं, इथून दगड नेऊ नयेत."

तिनं त्याच्यावरून अंगठा फिरवला. वारा एवढा की तिचं बोलणं मला जवळ जाऊन ऐकावं लागलं.

"नाही नेत. तसाही अजून कोवळाच आहे," ती म्हणाली, आणि जिथून उचलला होता तिथंच तो नीट ठेवून दिला.