निवड तहकूब

या संसारात काही माणसे वस्तू विकत घेतात, काही घेत नाहीत, आणि या दोन स्पष्ट वर्गांच्या दरम्यान एक तिसरा, संख्येने बराच मोठा व स्वभावाने अत्यंत सज्जन असा वर्ग नांदत असतो, जो सदैव वस्तू घेण्याच्या बेतात असतो. या वर्गाची एक आधुनिक पोटजात अलीकडे आपल्याकडे दृष्टीस पडू लागली आहे. संगणकाचे साहाय्य न घेता, घरच्या घरी, आपल्या चाली आपणच एकावर एक थर देऊन ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि त्यासाठी काखोटीस मारून कोठेही नेता येईल असा एक मल्टिट्रॅक रेकॉर्डर घ्यावा, अशी या मंडळींची मनीषा असते. आमच्या आळीत या पोटजातीचे प्रतिनिधित्व भाऊसाहेब करतात.

महसूल खात्यात इमानेइतबारे चाकरी करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, सकाळी स्नानसंध्या आटोपताच पेटी पुढे ओढून भाता सोडणारे, आणि अभंगांना स्वतः लावलेल्या चालींची एक जाडजूड वही उशाशी बाळगणारे हे गृहस्थ संगणकाचे वैरी झाले ते काही उगाच नव्हे. ज्याने सातबाऱ्याचे संगणकीकरण स्वतःच्या टेबलावर सोसले आहे, त्यास त्या यंत्रासमोर भैरवी सुचावी ही अपेक्षाच अन्यायाची होय. शिवाय त्यांचे म्हणणे असे की, गावयास बसावे तर संगणक आधी आपले अद्ययावतीकरण उरकून घेतो. त्याच्या पंख्याची घरघर खर्जात मिसळते. आणि झालेली चूक मागाहून केव्हाही सुधारता येईल, या आश्वासनापायी मनुष्य ती चूक आनंदाने करीत सुटतो. हे तिन्ही आक्षेप रास्त आहेत. भाऊसाहेबांचे आक्षेप नेहमीच रास्त असतात. आणि तीच खरी अडचण आहे.

रेकॉर्डर घ्यावयाचे ठरताच त्यांनी, जन्मभराच्या सवयीने, त्या विषयाची फाईल उघडली. तिच्या पहिल्या पानावर 'पूर्वपीठिका' असे ठसठशीत शीर्षक असून, खाली सुवाच्य अक्षरांत नोंद आहे की, १९७९ साली टीॲक या जपानी कंपनीने आपल्या टास्कॅम या नावाखाली 'पोर्टास्टुडिओ १४४' नामक यंत्र बाजारात आणले. त्यात साधी कॅसेट दुप्पट वेगाने फिरे, व एरवी दोन बाजूंना विभागलेले चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरले जात. सबब साठ मिनिटांच्या कॅसेटीवर पंधराच मिनिटांचे काम होई. पुढे असेही नमूद आहे की, ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने न्यू जर्सीतील आपल्या घरी याच यंत्रावर कच्ची म्हणून केलेली ध्वनिमुद्रणे, साथीदारांसह पुन्हा गाऊन पाहिली असता त्यांत ती धार उतरेना म्हणून, १९८२ साली 'नेब्रास्का' या नावाने जशीच्या तशी प्रसिद्ध झाली. आणि १९६७ चा बीटल्सचा 'सार्जंट पेपर' हा अल्बम तर साऱ्या सरंजामानिशी चार ट्रॅकांच्या यंत्रांवरच तयार झाला होता. इतका सबळ पुरावा एकत्र केल्यावर कोणीही सामान्य बुद्धीचा मनुष्य चार ट्रॅक पुरेसे आहेत असा निष्कर्ष काढील. भाऊसाहेबांनी त्याखाली शेरा मारला आहे: 'वरील व्यक्ती प्रतिभावान होत्या. आपणांस किमान आठ लागतील.'

यानंतर फाईलमध्ये एकेका यंत्राची स्वतंत्र मिसल लागते. टास्कॅमच्या डीपी-००८ईएक्सवर आठ ट्रॅक असून एका वेळी दोनच मुद्रित होतात, प्रत्येक ट्रॅकला आवाजाची स्वतंत्र घुंडी आहे. शेरा: 'घुंडी फिरवावी लागते, सरकपट्टी असती तर उत्तम.' झूम या कंपनीच्या आर-८ ला अशी सरकपट्टी आहे, वर ठेका धरणारे यंत्रही आतच बसविलेले आहे. शेरा: 'ठेका विलायती.' त्याच घराण्यातील आर-१६ एका वेळी आठ ट्रॅक मुद्रित करते. शेरा: 'आमचेकडे इसम चार. उर्वरित चार जागा रिक्त राहतील. त्याचे समर्थन कसे करावे?' अलीकडच्या आर-४ मध्ये ट्रॅक चार, परंतु आवाज नोंदविण्याची रीत अशी की तो वाजवीपेक्षा चढला तरी यंत्राच्या आकड्यांत फाटत नाही, मागाहून खाली आणता येतो. येथे शेरा थोडा दीर्घ व विषण्ण आहे: 'मग दक्षतेचे प्रयोजन काय?' प्रत्येक मिसलीच्या तळाशी तांबड्या शाईने एकच शब्द आहे: 'तहकूब'.

धोबी तलावाकडील वाद्यांच्या एका दुकानात त्यांच्यासमवेत जाण्याचा योग मला आला होता. दुकानातल्या तरुणाने आदबीने आर-८ काउंटरवर ठेवले. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढविला, तर्जनीने एक सरकपट्टी वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली, आणि विचारले, "यात झपताल आहे काय?"

"रॉक आहे, साहेब. जॅझ आहे. बोसा नोव्हा आहे."

"झपताल?"

"तो तुम्हाला स्वतः भरावा लागेल."

भाऊसाहेबांनी खिशातून टाचणवही काढली व काउंटरवरच लिहिले, 'दहा मात्रांची तजवीज अर्जदाराने स्वखर्चाने करावयाची.' मग त्या तरुणाकडे वळून, "विचार करून कळवितो," असे ते इतक्या प्रामाणिकपणे म्हणाले की त्या बिचाऱ्याने त्यांचा दूरध्वनी क्रमांक उतरून घेतला.

पुढे एका स्नेह्याने आपले आठ ट्रॅकांचे यंत्र त्यांस चार दिवसांसाठी उसने दिले. पहिला दिवस परीक्षणात गेला. भाऊसाहेबांनी पहिल्या ट्रॅकवर "हा पहिला ट्रॅक" असे गंभीर स्वरात मुद्रित केले, दुसऱ्यावर "हा दुसरा ट्रॅक" असे, आणि याप्रमाणे आठही ट्रॅकांची रुजुवात घेऊन झाल्यावर यंत्र स्पीकरला जोडून सारे एकदम वाजविले. आठ भाऊसाहेब एकाच वेळी आपापला क्रमांक सांगू लागताच स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "अहो, किती जणांचा चहा टाकू?"

दुसऱ्या दिवशी पुतण्याला तबला घेऊन पाचारण करण्यात आले, आणि येथे या खटाटोपाचे मर्म उघडे पडले. या यंत्रांचा जन्म ज्या संगीतात झाला, तेथे एक वाद्य आधी वाजवून ठेवावे, मग त्यावर दुसरे चढवावे, शेवटी कंठ लावावा, हा शिरस्ता रूढ आहे. आमची पेटी गायकाच्या सावलीने, निमिषभर मागून चालते. गायकच अद्याप आला नसेल तर तिने कोणाच्या मागून चालावे? कंठ आधी मुद्रित करावा, तर लय कोणी धरावी? अखेर तबला प्रथम, असा ठराव झाला. पुतण्या एकटाच मिटल्या खोलीत ठेका धरून बसला, आणि दर आवर्तनाला समेवर येताच, सवयीने, मान वर करून समोरच्या रिकाम्या सतरंजीकडे दाद मागू लागला. भाऊसाहेबांना ते पाहवेना. त्यांनी मुद्रण थांबविले व फाईल मागविली. उरलेले दोन दिवस यंत्र त्या फाईलवर वजन म्हणून होते.

त्या दुसऱ्या दिवशी रात्री फाईलमध्ये पडलेला शेरा मात्र, मला वाटते, या विषयावर आजवर झालेल्या लेखनात सर्वांत शहाणा आहे: 'ट्रॅक किती, हा प्रश्न गौण. एका वेळी किती जण वाजविणार, हा प्रश्न मुख्य.' दुकानातील खोक्यांवर ट्रॅकांचा आकडा ठळक छापलेला असतो, आणि एका वेळी किती माइक लागतील हा आकडा बारीक अक्षरांत असतो. बैठकीचे गाणे करणाऱ्याने तो बारीक आकडा आधी वाचावा. हे भाऊसाहेबांनी स्वानुभवाने शोधून काढले, त्याखाली सही केली, आणि मग त्याखालीही 'तहकूब' लिहिले.

असे का व्हावे? या छोट्या यंत्राचा खरा गुण त्याच्या अपुरेपणात आहे. जुन्या चार ट्रॅकांच्या कॅसेटयंत्रावर पाचव्या आवाजास जागा करावयाची, तर आधीचे तीन एकत्र करून चौथ्यावर उतरवावे लागत व मूळचे तीन पुसून त्यांजागी नवे घ्यावे लागत. एकदा मिसळलेला तबला पुन्हा वेगळा काढता येत नसे. त्या निकालावर प्रांतसाहेबांकडे अपील नव्हते, कलेक्टरांकडे फेरतपासणीचा अर्ज नव्हता. संगणकाच्या अमर्याद सोयींना विटून मनुष्य या यंत्राकडे वळतो तो वस्तुतः या सक्तीच्या निर्णयासाठी वळतो. परंतु ज्याने उभ्या हयातीत पुन्हा उघडता येणार नाही असा एकही कागद बंद केला नाही, तो संगणकातील अनंत पर्याय टाळून रेकॉर्डरांच्या अनंत पर्यायांत येऊन मुक्काम करतो. संगणक घरात आला नाही हे खरे. त्याचा स्वभाव मात्र फाईलच्या रूपाने येऊन राहिला.

तेव्हा वाचकांपैकी कोणास या मार्गाने जावयाचे असेल त्याने प्रथम आपल्या बैठकीत एकदम वाजणारी व गाणारी माणसे मोजावीत. एकटाच थर चढविणार असेल तर दोन इनपुटांचे कोणतेही यंत्र त्यास पुरेल. चौघे एकदम बसणार असतील तर आठ इनपुटांचे घ्यावे आणि रिक्त जागांचे समर्थन कोणासही देऊ नये. प्रत्येक ट्रॅकला हाताशी स्वतंत्र घुंडी वा सरकपट्टी आहे, आणि यंत्र बॅटरीवर चालते, एवढे पाहिले म्हणजे झाले. झपताल आपल्या पुतण्याकडून वाजवून घ्यावा, आणि तो वाजवीत असता समोर बसावे. बाकीच्या तपशिलासाठी भाऊसाहेबांचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण या विषयात त्यांच्याइतका जाणकार पंचक्रोशीत नाही. मुदत तेवढी आपली आपण घालून घ्यावी.