घोडीच्या मुंडावळ्या

घोड्याला उन्हाळ्यात छळणारी माशी ही एक जात नसून निदान तीन जातींचे संयुक्त सरकार आहे. घरमाशी डोळ्यांच्या कडांचा ओलावा चाटते. दिसायला तिच्यासारखीच, पण सोंड सुईसारखी पुढे काढलेली तबेला-माशी पायांना डसते, तिचे नर-मादी दोघेही रक्त पितात आणि घोडा त्रासून सारखा पाय आपटत राहतो. तिसरी गोमाशी, म्हणजे टपोऱ्या डोळ्यांची धिप्पाड माशी, हिची मात्र मादीच रक्त पिते आणि नर फुलांतल्या मधावर भागवतो. गोमाशीची अळी चिखलात वाढते, त्यामुळे परभणी जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा पाझर तिला मानवतो. उरलेल्या दोघींना लीद आणि कुजका कडबा पुरतो. ऐन उन्हाळ्यात घरमाशी अंड्यापासून पंखांपर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकत असल्याने लीद रोज उचलणे हा पहिला उपाय ठरतो, कडुलिंबाच्या पाल्याची धुरी त्यानंतरची.

हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते आणि तेथे एके काळी हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. रिसाल्याच्या घोड्यांना खरारा करायला, म्हणजे दातेरी ब्रशाने अंग घासायला, मोतद्दार असत. आता घोडा भेटतो तो बहुधा वरातीत, आणि तोही पांढरी घोडी होऊन. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय असले, तरी वरातीपूर्वी वरपक्ष सल्ला घेतो तो पंचांगाचा.

या पांढरेपणाबद्दल थोडे विषयांतर अपरिहार्य आहे. हंगेरीतील गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले की, गडद तुकतुकीत अंगावरून परतणारा प्रकाश ध्रुवीभूत असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतात. पाण्यावरून परतणारा प्रकाशही तसाच असल्याने पाणी हुडकणारी गोमाशी काळ्या घोड्याकडे ओढली जाते आणि पांढऱ्याच्या वाट्याला कमी येते. या शोधाला २०१६ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या व मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळाला. प्रस्तुत लेखकाला यातून स्वतःच्या वरातीचे कोडे उलगडले. मे महिन्यात, पांढऱ्या घोडीवर, तो काळाकुळकुळीत चकाकणारा सूट घालून विराजमान झाला होता. त्या दिवशीच्या चित्रफितीत तो दोन्ही बाजूंच्या गच्च्यांना हात हलवून अभिवादन करताना दिसतो, आणि हे दृश्य त्याने आपल्या लोकप्रियतेचा पुरावा म्हणून वर्षानुवर्षे पाहुण्यांना दाखवले आहे. वस्तुतः तो माश्या हाकत होता आणि गच्च्यांवर कपडे वाळत होते. शोधनिबंधात सुटाचा उल्लेख नाही; परंतु परिसरातील सर्वांत गडद आणि तुकतुकीत वस्तू त्या घटकेला नवरदेव हीच होती, एवढे अनुमान शास्त्राला धरून आहे.

घोडीच्या डोळ्यांवर माश्या बसू नयेत म्हणून तिच्या कपाळपट्टीला लोंबत्या दोऱ्यांची झालर बांधतात, मान हलली की दोऱ्या हलतात आणि माश्या उठतात. रचनेने ही झालर आणि मुंडावळ्या यांत भेद नाही. उपयोग मात्र एकीचाच होतो.

तथापि झालर ही परतफेड आहे, आणि तीही अपुरी. शेपटी, आयाळ आणि जागच्या जागी कातडी थरथरवण्याची शक्ती ही घोड्याची स्वतःची साधने; वरातीसाठी त्यातील शेपटीची वेणी घालून ती फडक्यात गुंडाळतात, आयाळीला गोंडे गुंफतात आणि चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात पाठीवर मखमली झूल घालतात. लगामाने ओठाच्या कोपऱ्याला चीर पडली, तर माशी तेथेच बसते आणि तिच्या सोंडेतून हाब्रोनेमा नावाच्या जंताच्या अळ्या जखमेत उतरू शकतात. अशी जखम थंडी येईपर्यंत भरत नाही, म्हणून तिला ‘उन्हाळी जखम’ म्हणतात. हे सारे ज्याच्या हौसेसाठी चालते, त्याला त्या वेळी चिंता असते ती फेटा सरकल्याची.

त्याच चित्रफितीत, चौथ्या-पाचव्या पाहणीनंतर, खालच्या कोपऱ्यात घोडी पुढचा पाय सारखा आपटताना आढळते. घोडी नाचायला लागली असे समजून बँडवाल्यांनी ठेका वाढवला होता, आणि वराचे मामा तिच्यावरून दहाच्या नोटा ओवाळत होते.