चेहरा नमुन्याशी जुळत नाही

बँकेत असताना माझ्या नजरेचा दरारा होता. चेकवरची सही आणि कार्डावरची नमुना सही शेजारी शेजारी धरायची, 'कुलकर्णी'मधल्या रफारावर बोट ठेवायचं आणि 'सही जुळत नाही' असा शेरा मारून भल्याभल्यांचे चेक परत पाठवायचे, यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ही नजर वाया जाऊ नये म्हणून मी माणसांचे चेहरे काढायला शिकायचं ठरवलं. नजर आहे म्हटल्यावर हात काय, येईल मागाहून, असा हिशेब होता. हात आला नाही. नजरेबद्दलही घरात हल्ली वेगळं बोलतात.

तशी चित्रकलेची पार्श्वभूमी आहे. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. पण स्मरणचित्राच्या पेपरात आमच्या पिढीनं चेहरे कसे चुकवले, हे परीक्षकांना कधी कळलंच नसावं. 'आठवड्याचा बाजार' असा विषय आला की मी आधी पाऊस पाडायचो. म्हणजे निम्मा गाव छत्र्यांखाली गेला. उरलेल्यांना पाठमोरं करायचं. माझ्या बाजारात भाजीवालीसुद्धा पाठमोरी बसलेली असे आणि गिऱ्हाइकं तिच्या अंबाड्याशी घासाघीस करत असत.

तर टू-बीपासून सिक्स-बीपर्यंत पेन्सिली आणल्या, जाड कागदाची वही आणली आणि पहिलं चित्र बायकोचं काढायला घेतलं. ती पेपर वाचत बसली होती, हलण्याचा प्रश्न नव्हता. चित्र पुरं झाल्यावर तिनं चष्मा पुसून ते नीट पाहिलं आणि म्हणाली, "छान आलंय. पण सेक्रेटरींना तुम्ही केव्हा बसवलंत?"

पाहतो तो खरंच आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. तेच बोटभर कपाळ, तीच लांबलचक हनुवटी आणि मेंटेनन्स थकल्याची तीच नजर. योगायोग म्हणून सोडून दिलं. मग मुलाचं चित्र काढलं, सेक्रेटरी. दुधवाल्याचं काढलं, सेक्रेटरी. शेवटी फोटोवरून दिलीप प्रभावळकरांना काढायला घेतलं. चिमणरावांपासून गांधीजींपर्यंत कुठलाही माणूस होऊन दाखवणारा हा नट, पण माझ्या वहीत आल्यावर त्यालाही एकच भूमिका मिळाली. नातवाचं चित्र पाहून तर सूनबाईंनी पोराला माझ्यासमोरून उचलून आत नेलं. त्या चित्रात सेक्रेटरींना झबलं घातलं होतं.

याचं कारण मला पुस्तकातून कळलं, आणि ते कळल्यावर वाईटच वाटलं, कारण ते फारच साधं होतं. माणसाचे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. टाळूपासून हनुवटीपर्यंत जेवढी उंची, तिच्या निम्म्यावर. खोटं वाटत असेल तर आरशासमोर पट्टी घेऊन उभे राहा; मी राहिलोय. शिकाऊ माणूस ते नेहमी वर चढवतो. बघण्यासारखं जे काही असतं ते डोळे-नाक-तोंडात, कपाळात आणि टाळूत बघायचं काय, म्हणून हात त्यांना जागाच देत नाही. डोळे वर गेले की कपाळ संपतं आणि उरलेली सगळी जमीन हनुवटीच्या वाट्याला येते. अशी ठेवण आमच्या सेक्रेटरींना जन्मतःच मिळालेली आहे. म्हणजे मी त्यांना काढत नव्हतो, नवशिका जिथे जाऊन पोचतो तिथे ते आधीपासून बसलेले होते.

तान्ह्या मुलांचे डोळे तर मध्याच्याही खाली असतात. झबल्याचं कोडं तिथं सुटलं.

दुसरी खोड अशी की मी सुरुवातच डोळ्यांपासून करायचो. पापण्यांचे केस एकेक मोजून, बुबुळात खिडकीचा उजेड वगैरे. मग त्या डोळ्यांना पुरेल असा चेहरा भोवती बांधत जायचो. पेणला गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी अगदी शेवटी होते, आणि ती कोणाही पोऱ्यावर सोपवत नाहीत, त्याला मुरलेला हात लागतो. इथे पोऱ्याच मी, आणि आखणी आधी.

बेटी एडवर्ड्स या अमेरिकन बाईंनी 1979 साली एक पुस्तक लिहिलं. त्यात पिकासोनं काढलेलं स्त्राविन्स्कीचं रेखाचित्र उलटं ठेवून उतरवायला सांगितलंय. उलटं ठेवलं की डोळा हा डोळा, नाक हे नाक असं मनाला ओळखू येत नाही, म्हणून मन आपलं शहाणपण बाजूला ठेवतं आणि नुसत्या रेषा दिसायला लागतात. मला हे पटलं. घरात स्त्राविन्स्की नव्हता. भिंतीवर सासरेबुवा होते.

त्यांची तसबीर मी खाली डोकं वर पाय करून टेबलाला टेकवली आणि कामाला लागलो. अगदी तल्लीन झालो होतो. मागे ही केव्हा येऊन उभी राहिली कळलं नाही.

"माझ्या बाबांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

मी तिला एडवर्ड्सबाईंचा उजवा मेंदू, डावा मेंदू समजावून सांगायला लागलो. (मेंदूची अशी सरळ वाटणी आता शास्त्रज्ञ मानत नाहीत. सराव मात्र उपयोगी पडतो. पण त्या क्षणी हा बारकावा कोण काढणार?) तिनं पदरानं काच पुसली, तसबीर सुलटी करून खिळ्याला अडकवली आणि मला म्हणाली, "एवढीच हौस असेल तर तुमच्या बाबांना टांगा उलटं."

त्यानंतर मी अँड्र्यू लूमिसला शरण गेलो. हाही अमेरिकन. त्याची रीत अशी की आधी चेंडू काढायचा, दोन्ही कानशिलांना तो सुरीनं कापल्यासारखा चपटा करायचा, मग भुवयांची रेषा आखायची. केसांच्या कडेपासून भुवई, भुवईपासून नाकाचा बुडखा, तिथून हनुवटी, असे तीन सारखे भाग. कान भुवई आणि नाकाच्या मध्ये. दोन डोळ्यांमध्ये तिसऱ्या डोळ्याएवढं अंतर. हे सगळं आकड्यांत होतं, म्हणजे माझ्या प्रांतातलं. दिवाळीपर्यंत मी चेंडूवर चेंडू काढले, आणि एके दिवशी खरोखर कपाळ असलेला माणूस कागदावर उतरला. कोण ते कळत नव्हतं, पण माणूस होता, आणि सेक्रेटरी नव्हता.

या यशानं माझं डोकं फिरलं. मी थेट सेक्रेटरींनाच बोलावलं.

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पाणीपट्टीचा विषय न काढता तासभर बसले. मी लूमिसला स्मरून एकेक माप काटेकोर घेतलं. निम्म्यावर डोळे, तीन सारखे भाग, सगळं नियमाला धरून. आणि जसजसं चित्र बरोबर येत गेलं, तसतसे सेक्रेटरी त्यातून नाहीसे होत गेले. त्यांचं सेक्रेटरीपण होतं ते नियम मोडण्यातच. ते मोडलेलं सगळं मी प्रामाणिकपणे दुरुस्त करून टाकलं होतं. इतके दिवस न बोलावता येणारा माणूस, पाट मांडून बोलावल्यावर यायला तयार नाही! कागदावर एक भव्य कपाळाचे, शांत, देखणे गृहस्थ बसले होते. मनातल्या मनात मी शेरा मारला आणि वही मिटायला लागलो.

सेक्रेटरींनी माझा हात धरला. बराच वेळ ते चित्राकडे बघत राहिले. "अहो, हे तर आमचे अण्णा," ते म्हणाले. "चुलते माझे. जाऊन किती वर्षं झाली. तुम्ही कधी पाहिलं होतंत त्यांना?"

काय सांगणार? मी गंभीर चेहरा करून मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, ते मी त्यांच्यावर सोडलं.

आता ते चित्र त्यांच्या दिवाणखान्यात चंदनाचा हार घालून लावलेलं आहे. परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, शेजारी काकूंचंही लावायचंय, तेवढं मनावर घ्या.

"फोटो आणून द्या," मी म्हणालो.

"फोटो नाहीये हो त्यांचा," सेक्रेटरी म्हणाले, "पण तुम्हाला कुठे लागतो?"