मुंबईला न आलेलं विमान

न्यूझीलंडच्या हवाई दलाच्या विमानांवर जे गोल बोधचिन्ह असतं, त्याच्या मधोमध एक पक्षी काढलेला आहे. किवी. म्हणजे नेमका तो पक्षी, ज्याला उडता येत नाही. पंख पिसांत बोटं घालून शोधावे लागतील एवढेसे. दिवसा झोपायचं आणि रात्री चोच जमिनीला लावून वास घेत किडे हुडकायचे, असा एकंदर दिनक्रम. जगात गरुड, ससाणे यांचा दुष्काळ नसताना १९७०च्या सुमारास या मंडळींनी लढाऊ विमानांवर किवी रंगवला, आणि तो बदलावा असं पुढे कुणाला वाटलं नाही. मला हे फार आवडतं. शिवाय आपल्याला हसायची सोय नाही. आपले बाप्पा एवढं पोट सांभाळत उंदरावरून येतात, आणि उंदराला किती वजन झेपतं हे आपण कधी विचारलेलं नाही.

देश त्रेपन्न लाखांच्या आसपास वस्तीचा. विमानं आणि हेलिकॉप्टरं मिळून पन्नासही भरायची नाहीत, आणि त्यात लढाऊ जेट एकही नाही. पूर्वी होती. स्कायहॉक नावाची, किवीच्याच आगेमागे आलेली. ती म्हातारी झाली तेव्हा अमेरिकेनं २८ एफ-१६ भाड्यानं देऊ केली. ही विमानं मुळात पाकिस्तानसाठी बांधलेली. अणुकार्यक्रमावरून १९९० साली पुरवठा थांबला आणि ती ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. साखरपुडा मोडलेल्या मुलीसाठी बघतात तसं अमेरिका त्यांच्यासाठी दुसरं स्थळ बघत होती. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जेनी शिप्लींनी होकार दिला, तोवर निवडणूक झाली, हेलन क्लार्क आल्या आणि २००० साली त्यांनी बैठकच मोडली. पुढच्याच वर्षी स्कायहॉकची पथकंही बरखास्त. आमच्या आसपास धोकाच नाही, असं क्लार्कबाईंचं साधारण म्हणणं. नकाशा बघितला की पटतं. पश्चिमेला दोनेक हजार किलोमीटर समुद्र ओलांडला की ऑस्ट्रेलिया, आणि दक्षिणेला पेंग्विन.

त्या स्कायहॉकना मात्र गिऱ्हाईक मिळता मिळेना. वर्षानुवर्षं ती वुडबर्नच्या तळावर होती. पुढे त्यांना पांढऱ्या लेटेक्सचं आवरण चढवून उघड्यावर ठेवलं. २०१२ साली आठ विमानं एका अमेरिकन खासगी कंपनीनं विकत घेतली, ती सरावात शत्रूची भूमिका करण्यासाठी. तीस वर्षं इमानेइतबारे नायकाची तालीम केली, प्रयोग काही लागला नाही, आणि उतारवयात खलनायकाचं काम मिळालं. नाटकवाल्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

मग उरलेलं दल करतं काय? तर शोधाशोध. समुद्रात हरवलेल्यांना हुडकायची न्यूझीलंडची हद्द तीन कोटी चौरस किलोमीटरच्या घरात आहे. आपल्या अख्ख्या भारताच्या नऊपट, आणि जवळजवळ सगळं पाणी. विषुववृत्ताच्या जवळपासून थेट दक्षिण ध्रुवापर्यंत. या कामाला आता चार पोसायडन विमानं आहेत. त्याआधी ओरायन होती, १९६६ पासूनची. २०१८च्या जानेवारीत किरिबातीची एक फेरीबोट बेपत्ता झाली तेव्हा ओरायन तिकडे गेलं, आणि त्या अफाट पाण्यात त्याला पाचेक मीटर लांबीची एक लाकडी होडी दिसली. आत सात माणसं जिवंत. विमानानं वरून अन्न, पाणी आणि एक रेडिओ टाकला आणि जवळच्या मासेमारी जहाजाला तिकडे वळवलं. बोटीवरची बाकीची ऐंशीहून जास्त माणसं गेली. पण चहाच्या कपातली माशी आपल्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, तिथं आकाशातून ती होडी कुणाला तरी दिसली, हे मी अधूनमधून स्वतःला सांगत असतो.

टोंगाजवळचा ज्वालामुखी २०२२ साली फुटला तेव्हाही आधी ओरायनच बघून आलं. मदत घेऊन जायचं हर्क्युलिस हे मालवाहू विमान मात्र अडलं, कारण धावपट्टीवर राख. तिथल्या माणसांनी फावडी, झाडू आणि हातगाड्या घेऊन ती धावपट्टी साफ केली, तेव्हा कुठे विमान उतरलं. हर्क्युलिस विमानं या ताफ्यात १९६५ पासूनची. नवी पाच आली ती २०२४ मध्ये. साठीला टेकलेल्या विमानाला निवृत्त करायला एवढी वर्षं लागली म्हणून तिथल्या वर्तमानपत्रांनी सरकारला बरंच टोचलं. पण दुरुस्त करून वापरायची सवय ज्या घराला असते, त्या घराला नवी वस्तू आणताना उगाचच अपराधी वाटतं.

खरी गंमत मात्र पंतप्रधानांच्या विमानाची. दलाकडे दोन बोइंग ७५७ आहेत, २००३ साली घेतलेली, तीही वापरलेली. नेत्यांना परदेशी नेणं हे त्यांचं एक काम, आणि ते त्यांना फारसं आवडत नसावं. २०१६च्या ऑक्टोबरात पंतप्रधान जॉन की भारतात यायला निघाले. वाटेत इंधन भरायला ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सविलला उतरले आणि विमान बिघडलं. मुक्काम तिथंच. मायदेशातून दुसरं ७५७ येईपर्यंत वेळापत्रक कोलमडलं, आणि ते सावरायला दौऱ्यातून काय वगळलं? मुंबई. दिल्ली ठेवली. यात मुंबईकरांना नवल वाटायचं कारण नाही, तरी तेवढं मनाला लागलंच.

२०२३ साली पंतप्रधान ख्रिस हिपकिन्स चीनला गेले तेव्हा यातून धडा घेतलेला होता. एक विमान त्यांना घेऊन गेलं आणि दुसरं, रिकामं, पाठोपाठ मनिलापर्यंत. पहिलं रुसलं तर असावं म्हणून. विरोधकांनी धुराचा हिशेब मांडला. पुढच्या वर्षी ख्रिस्तोफर लक्सन जपानला निघाले, तर विमान पोर्ट मोर्सबीला इंधन भरता भरता बंद. लक्सन साध्या प्रवासी विमानानं पुढे गेले, उद्योगपतींचं शिष्टमंडळ आणि पत्रकार मागे पापुआ न्यू गिनीत उकडत बसले. हे लक्सन राजकारणात येण्यापूर्वी एअर न्यूझीलंडचे मुख्याधिकारी होते. नियती कधी कधी फार ढोबळ विनोद करते. त्याआधी पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांचं तर थेट अंटार्क्टिकावर अडलं. न्यायला आलेलं हर्क्युलिस बिघडलं आणि त्या परतल्या इटलीच्या विमानातून.

आमचा एक आतेभाऊ ऑकलंडला असतो. त्याला म्हटलं, तुम्हाला याची लाज नाही का वाटत? तो म्हणाला, "दादा, इथं पंतप्रधान निघाले की लोक कधी येणार विचारत नाहीत, कुठपर्यंत पोचले ते विचारतात." आवाजात लाज अजिबात नव्हती. उलट, आपल्या गावची एसटी कुठल्या घाटात हमखास बंद पडते हे सांगताना जो एक मालकी हक्काचा सूर लागतो, तो होता.

२०२५च्या मार्चमध्ये लक्सन आले आणि यावेळी मुंबईपर्यंत पोचले, म्हणजे जुना हिशेब मिटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनं ७५७च्या जागी दोन एअरबस ए-३२१ घ्यायचं जाहीर केलं, खास लांब पल्ल्याच्या. ती आली की इंधनासाठी वाटेत उतरायची पाळी कमी येईल. टाउन्सविलच्या हॉटेलवाल्यांचा तेवढा धंदा बुडणार.