टूथपिकवरचा चंद्र

सिंगापुरात ऑर्चर्ड रोडवर ताकाशिमाया नावाचं भलंमोठं जपानी दुकान आहे. चिनी लोकांच्या आठव्या महिन्यातली पौर्णिमा जवळ आली, की त्याच्या तळघरातल्या चौकात मूनकेक या सणाच्या मिठाईची जत्रा भरते. नामांकित हॉटेलं टेबलं मांडून बसतात आणि टेबलांमागची तरुण मंडळी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात टूथपिकला टोचलेला एकेक तुकडा ठेवतात. चव बघायला पैसे पडत नाहीत. विकत घेतलंच पाहिजे असंही नाही. मी आत्याला तिथे नेलं ते एवढ्याच बळावर.

आत्या रत्नागिरीची. फुकट मिळालेली वस्तू ती आधी वास घेऊन बघते.

"यात अंडं आहे का विचार."

पारंपरिक, भाजलेल्या मूनकेकमध्ये ते बहुधा असतंच. कमळाच्या बियांच्या गोड सारणात खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक पुरलेला असतो. कापल्यावर तोच पौर्णिमेचा चंद्र म्हणून बाहेर येतो. हौशी गिऱ्हाईक एकाच मूनकेकात दोन-दोन चंद्र मागतं. अस्सल जुन्या पद्धतीत डुकराची चरबीही पडते, पण हे मी आत्याला सांगितलं नाही. पाहुण्याला सगळंच सांगायचं नसतं. मी तिला सरळ थंड पेटीकडे वळवलं, जिथे स्नोस्किन मूनकेक मांडले होते: पांढरे, गुलाबी, पोपटी, जांभळे.

हा प्रकार १९६०च्या दशकात हाँगकाँगमध्ये निघाला. जुना मूनकेक फार तेलकट, फार गोड, अशी गिऱ्हाइकांची कुरकुर होती, म्हणून बेकरीवाल्यांनी न भाजता करायचं हलकं आवरण शोधलं. चिकट तांदळाचं आधीच शिजवलेलं पीठ, साखर, थोडं तूप-तेल. गोळा मळायचा, सारण भरायचं, साच्यात दाबायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. एवढं ऐकल्यावर आत्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा अर्थ कोकणात जन्मलेल्या कुणालाही कळेल. तांदळाचं पीठ, आत गोड सारण, तेही भाद्रपदाच्या आसपास! तिने तुकडा बोटाने दाबला.

"पारी जाड आहे. कळ्या नाहीत. साच्याचा आहे."

साच्याचा मोदक करणाऱ्या घरात आत्या मुलगी देत नाही, त्यामुळे निकाल लागल्यातच जमा होता. पण नंतर तिने तो तोंडात टाकला आणि गप्प झाली. आपला उकडीचा मोदक फ्रिजमध्ये गेला, की सकाळी त्याचा दगड झालेला असतो. हा मात्र थंडगार असूनही मऊ होता. चिकट तांदळातला स्टार्च वेगळ्या जातीचा, त्यामुळे तो लवकर कडक होत नाही आणि साखरही त्याला धरून ठेवते. हे मी समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, "असेल. पण तूप कुठे सोडायचं?" याला शास्त्रात उत्तर नाही.

पुढे आम्ही टेबलामागून टेबल घेत गेलो. मुगाच्या सारणाचा चांगला होता, म्हणून त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. काळ्या तिळाचा तर उत्तमच, फक्त आत्याच्या मते तो संक्रांतीला यायला हवा. पॅनदानच्या पानांचा, पोपटी आवरणाचा मूनकेक मला बासमतीच्या वासाचा वाटला. जांभळा सुरणाचा आहे असं मी म्हटलं, कारण अळकुडीचा म्हटलं असतं तर आत्याने तिथेच अळूवड्यांचा विषय काढला असता.

खरी गंमत शॅम्पेनच्या टेबलापाशी. रॅफल्स हॉटेलचा शॅम्पेन ट्रफल स्नोस्किन इथे प्रसिद्ध आहे. आता मला सांगा, तेलकट नको, जड नको म्हणून जो मूनकेक जन्माला आला, त्याच्या पोटात आज चॉकलेट, मलई आणि दारू! पथ्याचं जेवण वाढता वाढता पंगत झाली. आत्याने तुकडा संपवला, बोट चाटलं, आणि मग विचारलं, "वेगळं काय होतं रे ह्यात?"

मी सांगितलं.

"प्रमाण किती?"

"थोडंसंच."

"औषधापुरतं म्हणजे," असं म्हणून तिने पुन्हा हात पुढे केला. विक्रेती मुलगी हसून म्हणाली, "आंटी, घ्या ना." इथे वयस्कर बाईला आंटीच म्हणतात.

शॅम्पेननंतर ड्युरियन खाऊ नये, असं इथले वडीलधारे बजावतात. दारू आणि ड्युरियन पोटात एकत्र नको म्हणे. पण पुढचं टेबल नेमकं त्याचंच होतं. या फळाला इथल्या मेट्रोत प्रवेशबंदी आहे, तशी स्पष्ट पाटीच लावलेली असते. माओशानवांग ही त्यातली उच्चकुलीन जात, आणि स्नोस्किनमध्ये तिचा गर जवळजवळ जसाच्या तसा भरतात.

"बरका फणस. जरा नासलेला," आत्याने ओळख पटवली.

मी म्हटलं, वनस्पतिशास्त्रात ड्युरियन फणसाचा कुणीही लागत नाही. तो भेंडीच्या कुळातला. आत्याने टूथपिककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या शिक्षणावर झालेल्या खर्चाचा मनातल्या मनात हिशेब केला. मग आठ नगांचा ड्युरियनचाच डबा घ्यायला लावला. डॉलरचे रुपये करून दाखवले तरी ती ढळली नाही. "भेंडी एवढी महाग कधी बघितली नव्हती," एवढंच म्हणाली.

भाजलेला मूनकेक बरेच दिवस टिकतो, त्यामुळे तो कुठल्याच घरी मुक्काम करत नाही. मखमली खणांच्या, दागिन्यांच्या पेटीसारख्या डब्यातून तो साहेबाकडून कारकुनाकडे, कारकुनाकडून मेहुण्याकडे जात राहतो. स्नोस्किनचं तसं नाही. तो थंडच ठेवावा लागतो आणि लवकर संपवावा लागतो. पुढे ढकलायची सोय नसलेली ही भेट. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा गुण हाच, आणि दोषही.

आत्या आली त्या २०२५ साली तर चिनी पंचांगात जास्तीचा महिना आल्यामुळे त्यांचा सण ६ ऑक्टोबरला, थेट आपल्या कोजागिरीला पडला. एरवी तो अनंत चतुर्दशीच्या आगेमागे येतो. आत्याने दुपारीच दूध आटवून फ्रिजमध्ये ठेवलं. ड्युरियनचा डबा त्याच्या शेजारी, एकाच फळीवर.

रात्री शेजारच्या चिनी मावशी नातवंडांचे कंदील घेऊन खाली निघाल्या होत्या. त्यांना बोलावलं, पेला दिला. एक घोट घेऊन त्या थबकल्या. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. मावशींनी पेला संपवला, पुन्हा पुढे केला, आणि म्हणाल्या, भारतीय लोक दुधात ड्युरियन घालतात हे माहीत नव्हतं, कृती मिळेल का?

मी भाषांतर केलं. आत्याने पदर खोचला आणि पापणीही न हलवता सांगायला सुरुवात केली: दूध निम्मं होईपर्यंत आटवायचं, वेलची, जायफळ, केशर, चारोळ्या, आणि शेवटी फ्रिजची मधली फळी.