मा. सीबी पॉइंट यांना कार्यमुक्तीचे खुले पत्र

प्रति,
मा. सीबी पॉइंटसाहेब,
मुक्काम डिस्ट्रिब्युटर कॅपखाली, डॉज किंग्जवे, सहा सिलिंडर.

विषय : आपणांस सेवेतून मुक्त करण्याबाबत.

महोदय,

आपल्या कर्तबगारीचा जाहीर सत्कार आजवर कुणी केला नाही, याची खंत वाटते. गाडी बोरघाटात ढेपाळली की मिस्त्री कार्बोरेटर उतरवतात, जेट फुंकतात, फ्लोट हलवून पाहतात आणि शेवटी पेट्रोलच भेसळीचं असल्याचा निकाल देतात. आपण कॅपखाली अंधारात निवांत बसलेले. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण जिवंत ठेवण्यात आपला वाटा मोठा आहे.

सीबी म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर. तसं आपलं काम एकच. कॉइलमधून वाहणारा करंट नेमक्या क्षणी तोडायचा. तो तुटला की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि प्लगला हजारो व्होल्टची ठिणगी मिळते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सहा सिलिंडरसाठी हे सेकंदाला १५० वेळा करावं लागतं. एवढ्या राबणाऱ्याने थोडी कुरकुर केली असती तर आम्ही समजून घेतलं असतं. आपण कुरकुर करत नाही. आपण गुपचूप खाता.

आपल्या दोन तोंडांमधली फट ०.०२० इंच, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. एवढ्याशा जागेतही खाबूगिरी करता येते, हे आपण सिद्ध केलंत. आपली फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते, आपण उशिरा उघडता आणि टायमिंग मागे पडतं. इंजिन तापतं, पिकअप जातो, पेट्रोल जास्त लागतं. दर ठिणगीगणिक धातूचा कण एका तोंडावरून उडून दुसऱ्यावर बसतो. इकडे खड्डा, तिकडे टेकाड. इकडचा माल तिकडे करण्याची ही शिस्त भल्याभल्यांना जमलेली नाही.

आपले जोडीदार कंडेन्सरराव तर आपल्याही वरचढ. आपण उघडता तेव्हा उडणारी आगीची जीभ गिळायची, एवढंच त्यांचं काम. पण इंजिन गरम झालं की ते हात वर करतात, गाडी चढावर बंद पडते आणि मिस्त्री येईपर्यंत साहेब थंड होऊन साळसूद. पहिल्याच सेल्फला गाडी चालू! मालक खोटा ठरतो, आरोपी निर्दोष सुटतो.

आपलं घराणं मोठं, हे मान्य. ओहायोतल्या डेटनच्या चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास बॅटरीवरच्या इग्निशनची ही पद्धत मोटारींत रुजवली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ जोडायला घेतल्या, तेव्हा आपणही त्यांच्यासोबत मुंबईत आलात. पण आपल्या माहेराने, क्रायस्लरनेच, १९७३ पासून अमेरिकेतल्या स्वतःच्या गाड्यांतून आपल्याला सरसकट नारळ दिला. आम्ही इथे फिलर गेज आणि पॉलिश पेपर घेऊन आपली मनधरणी करत राहिलो.

आता आपल्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनची नेमणूक झाली आहे. रोटरखाली चुंबकांची एक कडी बसते आणि आपल्या पाटावर एक छोटं मॉड्यूल. चुंबक समोरून गेला की मॉड्यूल करंट तोडतं. घासणारी टाच नाही, जळणारी तोंडं नाहीत, म्हणून खाण्याची सोयही नाही. कंडेन्सररावांनाही आपल्यासोबत निरोप.

नव्या उमेदवाराच्या अटी मात्र कडक आहेत. ही गाडी सहा व्होल्टची आणि तीही पॉझिटिव्ह अर्थची. बाजारातला बारा व्होल्ट, निगेटिव्ह अर्थचा संच इथे चालत नाही. तारा उलट्या जोडल्या तर मॉड्यूल तिथल्या तिथे जळतं. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवलेली त्याला सोसत नाही. कॉइलचा रोध संचाला जुळणारा हवा. प्लगच्या नुसत्या तांब्याच्या तारांमधून होणाऱ्या विद्युत गोंगाटाने ते गडबडतं, म्हणून रोध असलेल्या तारा लागतात. बॅटरीच्या केबल जाड हव्यात आणि अर्थ घासून लख्ख केलेला हवा, कारण सहा व्होल्टमधून सेल्फने आपला घास घेतल्यावर उरतं ते थोडंच. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशमध्ये डुगडुगत असेल, तर आधी तो दुरुस्त करायचा. सगळं बसल्यावर फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ तपासून टायमिंग लाइटने टायमिंग पुन्हा लावायचं. हे न करता नव्या संचाला नावं ठेवणारे लोक आहेत. त्यांनी तरी आपली परंपरा चालू ठेवली, याचं आपल्याला समाधान असेल.

आपल्याला भंगारात मात्र घालणार नाही. मॉड्यूल प्रामाणिक आहे, पण गेलं तर पूर्ण जातं. रस्त्यावर त्याची दुरुस्ती होत नाही. आपल्याला घासून-पुसून फट लावली तर आपण घरापर्यंत तरी पोचवता. म्हणून कंडेन्सररावांसह आपली बदली डिकीतल्या डब्यात करण्यात येत आहे. तिथे झिजण्यासारखं काही नाही, खाण्यासारखं तर नाहीच.

जुन्या गाडीच्या मालकांना जाता जाता एकच विनंती : गाडी मिसिंग करू लागली की कार्बोरेटरला हात लावण्याआधी डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून बघा.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक त्रस्त गाडीमालक