फ्लॉपी हटाव!

जपानचे तत्कालीन डिजिटल मंत्री तारो कोनो यांनी 2022 साली फ्लॉपीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि 2024 च्या जूनअखेरीस ते जिंकलंही. सरकारदरबारी माहिती फ्लॉपीवर द्यावी असं सांगणारे हजाराच्या वर नियम होते, ते रद्द झाले. जुन्या गाड्यांच्या विल्हेवाटीबाबतचा एक नियम तेवढा शिल्लक राहिला. (एक तरी नियम शिल्लक राहतोच. पुढच्या मंत्र्यालाही काही जिंकायला हवं ना!)

आता कल्पना करा, मंत्रिमहोदय विजयाचं भाषण टाइप करताहेत. भाषण झकास जमलंय. ते जपून ठेवायचं, तर पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कोणावर टिचकी मारायची? त्याच निळ्या फ्लॉपीवर! शत्रू रणांगणातून हटला आणि थेट दरबारात कारकून होऊन बसला.

या फ्लॉपीची कुंडली सगळ्यांना ठाऊक आहे. साडेतीन इंची फ्लॉपी सोनीने 1981 मध्ये आणली, ॲपलने 1998 च्या आयमॅकमध्ये तिला जागाच ठेवली नाही आणि 2011 मध्ये सोनीनेही ती बनवणं थांबवलं. पोट 1.44 मेगाबाइटचं. नातवाच्या मुंजीचा मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात सहसा मावायचा नाही. तेव्हा हे मढं पडद्यावरून उचला, ही तरुण डिझायनर मंडळींची मागणी आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. तिच्या जागी काय बसवायचं एवढंच ठरायचं बाकी आहे.

पहिली सूचना असते ढगाची. सगळं हल्ली ढगातच साठतं, मग ढगच काढा. सूचना कॅलिफोर्नियात शोभून दिसेल. पण ढग दिसला म्हणजे आपलं काही तरी जपून राहणार, यावर विश्वास ठेवणारा एक शेतकरी मराठवाड्यातून शोधून आणावा. दुसरी सूचना खाली जाणाऱ्या बाणाची. शेअर बाजारात चार पैसे घातलेल्या माणसाला दिवसातून वीस वेळा तो बाण दाखवणं वैद्यकीयदृष्ट्या बरं नव्हे. आणि याच ओघात रिसायकल बिनही आधुनिक करायचंच, तर एका डब्याने भागणार नाही. हिरवा आणि निळा, असे दोन हवेत. जुना बायोडेटा ओला की सुका, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारावं लागेल.

पण सुधारणा करायची तर अर्धवट का? कॉल करायच्या बटणावर अजून तो डंबेलसारखा रिसिव्हर आहे. घराघरातून तो गेला, तो आपटून भांडण संपवायची सोयही गेली. कॅमेऱ्याच्या चिन्हाला पुढे आलेलं भिंग आहे, व्हॉइसमेलला टेपची दोन चक्रं आहेत, गजराला दोन कान आणि दोन पाय असलेलं घड्याळ आहे. काढा सगळं, आणि आज त्या कामाला जी वस्तू खरोखर वापरतात तिचं चित्र लावा.

लावलं. आता फोनचं चिन्ह म्हणजे गोल कोपऱ्यांचा काळा आयत. कॅमेऱ्याचं? काळा आयत. घड्याळ, टॉर्च, कॅलक्युलेटर, रेडिओ, नकाशा, डायरी, पैशांचं पाकीट, दासबोध: काळा आयत. चाळीस काळे आयत असलेला एक काळा आयत हातात घेऊन आजोबा उभे आहेत आणि आजी सांगतेय, "अहो, चौथ्या ओळीतला तिसरा दाबा, पोरीला फोन लागेल." आजोबा दाबतात, टॉर्च लागतो. फार तर एका आयताच्या काचेला तडा दाखवता येईल. तो आपला स्वतःचा, एवढी ओळख पटायला पुरे.

आमचं म्हणणं अतिरंजित वाटत असेल, तर एका चिन्हाचं आधुनिकीकरण खरोखर झालं, ते आठवून पाहा. विंडोजमध्ये वाट पाहायला लावताना वाळूचं घड्याळ दिसायचं. व्हिस्टापासून ते गेलं आणि गोल फिरणारं कडं आलं. घड्याळातली वाळू कधी तरी संपेल, अशी निदान आशा होती. कड्याला सुरुवात नाही, शेवट नाही. ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या नागरिकाची मनःस्थिती इतक्या अचूकपणे कोणत्याही जुन्या चिन्हाने टिपली नव्हती, हे मात्र कबूल.

आणि जुनी झाली म्हणून तक्रार करायला ही चिन्हं मुळात आपली होती कधी? कागद, फोल्डर, आलेल्या-गेलेल्या पत्रांचे ट्रे, हे सगळं 1981 च्या झेरॉक्स स्टार संगणकावर आलं ते अमेरिकन कचेरीच्या टेबलावरून उचलून. आपल्याकडे फाइलला लाल फीत असते, आणि लाडकी फाइल असेल तर ती बासनात असते. कान वर काढलेलं ते पिवळं फोल्डर मंत्रालयात कोणी पाहिलं होतं? तरी तलाठ्यापासून सचिवापर्यंत सगळे ते निमूटपणे शिकले. मॅकच्या कळफलकावरचं चार वेटोळ्यांचं कमांडचं चिन्ह सुझन केअर यांनी चिन्हांच्या कोशातून निवडलं. स्वीडनमध्ये ते प्रेक्षणीय स्थळ दाखवायला वापरतात. पुण्यातला डीटीपीवाला ते रोज हजारदा दाबतो आणि स्वीडनची त्याला एकदाही आठवण येत नाही.

केअरबाई मॅकच्या चिन्हांसाठी आलेखाच्या कागदावर चौकोन भरत होत्या, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या निवडणूक आयोगात एम. एस. सेठी नावाचे ड्राफ्ट्समन पेन्सिलीने चिन्हं काढत होते. एवढा मोठा आयकॉनसंच भारतीय मतदाराने पचवला आहे, आणि त्यात आधुनिकतेचा आग्रह कोणी धरल्याचं ऐकिवात नाही. महाराष्ट्रातच पाहा ना: धनुष्यबाण, मशाल, तुतारी, गजराचं घड्याळ आणि वाफेचं इंजिन. एवढ्या वस्तू एका छताखाली पाहायच्या तर केळकर संग्रहालयाचं तिकीट काढावं लागतं. इंजिनाच्या जागी वंदे भारत लावा, असं कोणी कार्यकर्त्याने सुचवून पाहावंच.

नवं चिन्ह लावलं की काय होतं, त्याचा प्रयोग 2024 च्या लोकसभेला साताऱ्यात होऊन गेला आहे. एकाकडे नवीकोरी तुतारी वाजवणारा माणूस, दुसऱ्या उमेदवाराकडे नुसती पिपाणी. तुतारीवाले हरले सुमारे 32 हजारांनी आणि पिपाणीला मतं पडली 37 हजार. लोक चुकून तिकडे गेले, असं हरलेल्यांचं म्हणणं. फ्लॉपी बदलायला निघालेल्या डिझायनर मंडळींना आम्ही एकच विनंती करू: पुढच्या निवडणुकीत महिनाभर जावळीच्या वाड्यावस्त्यांवर प्रचाराला जा, नवं चिन्ह घेऊन. शेजारच्या बटणावर दिसायला तसंच दुसरं चिन्ह असेल, आणि 'अनडू'ची सोय मतदानयंत्रात नाही.